ऑफिसच्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणारा बोलका बॉट: बडोद्यातल्या छोट्या ऑफिससाठी, पहिल्या पायरीपासून

दांडिया बाजारातलं सीएचं ऑफिस घ्या किंवा मकरपुरा जीआयडीसीतलं वर्कशॉप, सामान साधारण सारखंच असतं. टॅली चालणारा एक मुख्य पीसी, फायली ठेवायला नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) किंवा जुना सर्व्हर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, राउटर आणि चार-पाच पीसी. हे सगळं सांभाळायला पूर्णवेळ माणूस नसतो. डिस्क भरल्याचं कळतं ते बॅकअप अडला की, आणि बॅकअप अडल्याचं कळतं ते जुनी फाईल हवी असते तेव्हा.

यावर स्वस्त आणि आवाक्यातला उपाय म्हणजे टेलिग्रामवरचा छोटा बॉट. "सर्व्हर कसा आहे?" असं विचारलं की तो उत्तर देतो आणि काही बिघडलं तर आपणहून कळवतो. त्याला बोलता करायला एक संध्याकाळ पुरते. तो गप्प असेल तेव्हा खरोखरच सगळं ठीक आहे, अशी खात्री देता येण्याजोगा तो व्हायला मात्र पंधरा दिवस लागतात. म्हणून इथे जास्त जागा त्या दुसऱ्या कामाला दिली आहे.

तुम्हाला पायथॉनची तोंडओळख आणि लिनक्सच्या टर्मिनलचा थोडा सराव आहे असं धरलं आहे. आज्ञा, फंक्शनं आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टाईप करताना ती रोमन लिपीतच करायची.

बॉट कुठे ठेवायचा

पहिला नियम असा की ज्या मशीनवर नजर ठेवायची, त्याच मशीनवर बॉट ठेवायचा नाही. ते बंद पडलं तर बॉटही बंद पडेल.

कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉप यासाठी सगळ्यात चांगला. 4 जीबी रॅम भरपूर झाली. शिवाय त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो वापरू नका. डेबियन टाका आणि लॉगिनडी डॉट कॉन्फ फाईलमध्ये 'हँडल लिड स्विच'ची किंमत 'इग्नोर' करा. नाहीतर कोणी झाकण मिटलं की बॉट झोपलाच. वायफायऐवजी केबल लावा.

रास्पबेरी पाय (मेमरी कार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटर) वापरणार असाल तर मोबाइलचा चार्जर लावू नका. पाय 4ला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. व्होल्टेज कमी पडलं तर पाय बंद पडत नाही, संथ होतो आणि अधूनमधून कार्डावरचा डेटा बिघडवतो, त्यामुळे कारण सापडायला वेळ लागतो. 'व्हीसीजेनकमांड'ला 'गेट थ्रॉटल्ड' विचारा. उत्तर शून्य आलं तर ठीक. शून्य-एक्स-50000 आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेगही कमी केला गेला होता. पायचा प्रोसेसर 80 अंशांच्या पुढे वेग कमी करू लागतो. मे महिन्यात इथे बाहेरच 40च्या वर असतं, तेव्हा पोटमाळ्यावरच्या बंद पेटीत तो ठेवू नका.

राउटर आणि फायबरची डबी, दोन्ही यूपीएसवर हवीत. लाइट गेल्यावर बॉट जागा आणि इंटरनेट बंद, अशी अवस्था कामाची नाही. तळमजल्यावर ऑफिस असेल तर हे सगळं टेबलाच्याही वर ठेवा. 2024च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर आलं होतं ते आठवून उंची ठरवा.

टोकन आणि चॅट आयडी

टेलिग्रामवर 'बॉटफादर' शोधा. निळी खूण असलेला तोच खरा. त्याला 'न्यूबॉट' ही आज्ञा द्या. बॉटचं दाखवायचं नाव देवनागरीत चालतं, युजरनेम मात्र रोमन लिपीत आणि शेवटी 'बॉट' असलेलंच लागतं. मग तो एक लांबलचक टोकन देतो. ज्याच्या हाती टोकन, त्याचा बॉट. म्हणून ते कोडमध्ये लिहू नका. वेगळ्या फाईलमध्ये ठेवा आणि त्या फाईलची परवानगी 600 करा. चुकून कुठे उघडं पडलं तर बॉटफादरकडूनच ते रद्द करून नवं घ्या.

बॉट स्वतः कोणाशी बोलणं सुरू करू शकत नाही. ज्याला इशारे हवेत त्याने आधी बॉट उघडून 'स्टार्ट' दाबायला हवं. हे राहिलं तर 403 क्रमांकाची चूक येते आणि लोक कोडमध्ये दोष शोधत बसतात. स्टार्ट दाबल्यावर 'गेट अपडेट्स' (बॉटला आलेले निरोप देणारी टेलिग्रामची सोय) मागवा. त्यात तुमचा चॅट आयडी दिसेल. ग्रुपचा आयडी उणे चिन्हासकट जपून ठेवा. साध्या ग्रुपचा पुढे सुपरग्रुप झाला तर तो आयडी बदलतो आणि जुन्यावर इशारे जाणं थांबतं. चूक कळवणाऱ्या उत्तरातच नवा आयडी दिलेला असतो, तो वाचून साठवायची सोय करा.

निरोप मिळवण्याचे मार्ग दोन. वेबहुक, म्हणजे टेलिग्राम तुमच्या मशीनला हाक मारतं. आणि पोलिंग, म्हणजे तुम्ही टेलिग्रामला विचारत राहता. पोलिंगच घ्या. घरगुती आणि छोट्या ऑफिसच्या ब्रॉडबँडवर बहुतेक वेळा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. बाहेरून येणारी हाक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पोलिंगला याची अडचण येत नाही आणि राउटरमध्ये एकही दार उघडावं लागत नाही.

पहिला संवाद

डेबियन 12पासून थेट 'पिप'ने काही बसवायला गेलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा नकार येतो. तो मोडून पुढे जाऊ नका. 'व्हेन्व्ह' (पायथॉनच्या पॅकेजांची वेगळी जागा) बनवा आणि त्यात 'रिक्वेस्ट्स' (वेबवर विनंत्या पाठवायला) व 'पीएसयूटिल' (मशीनची डिस्क-रॅम मोजायला) एवढी दोनच पॅकेजं बसवा. पायथॉनसाठी टेलिग्रामची तयार लायब्ररी आहे, पण 20व्या आवृत्तीपासून ती पूर्णपणे असिंक (उत्तराची वाट बघत न अडकता चालणारी) झाली आणि इंटरनेटवरची जुनी उदाहरणं तिच्यावर चालत नाहीत. पहिला बॉट साध्या रिक्वेस्ट्सने लिहिला तर आत काय चाललंय ते नीट कळतं.

मुख्य चक्र असं: 'गेट अपडेट्स'ला टाइमआउट 50 सेकंद देऊन विचारा. निरोप नसेल तर टेलिग्राम तेवढा वेळ उत्तर रोखून धरतं, निरोप येताच देतं. रिक्वेस्ट्सचा स्वतःचा टाइमआउट यापेक्षा जास्त, 60 सेकंद, ठेवा. कमी ठेवला तर दर फेरीला खोटी चूक दिसेल. प्रत्येक अपडेटला क्रमांक असतो. पुढच्या वेळी विचारताना शेवटचा क्रमांक अधिक एक हा 'ऑफसेट' द्यायचा. तो दिला नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा येत राहील आणि बॉट एकाच प्रश्नाला शंभरदा उत्तर देईल.

न वाचलेले निरोप टेलिग्राम 24 तासांपर्यंत सांभाळतं. यात एक धोका आहे. दुपारी इंटरनेट बंद असताना कोणी "सर्व्हर रीस्टार्ट" लिहिलं आणि संध्याकाळी लाइन आली, तर लोक काम करत असताना बॉट सर्व्हर रीस्टार्ट करेल. म्हणून निरोपाची वेळ तपासा आणि दोन मिनिटांपेक्षा जुनी आज्ञा अमलात न आणता "हा निरोप जुना आहे, पुन्हा सांगा" एवढंच उत्तर द्या.

409 क्रमांकाची चूक आली तर बॉटच्या दोन प्रती चालू आहेत. बहुतेक वेळा एक सर्व्हिस म्हणून आणि दुसरी कुठल्यातरी विसरलेल्या टर्मिनलमध्ये.

मराठीत, आणि गुजरातीतही

तिरकस रेघेने सुरू होणाऱ्या मेनूतल्या आज्ञा टेलिग्राम फक्त रोमन स्मॉल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांतच स्वीकारतं. आज्ञेचं वर्णन मराठीत देता येतं. पण साधा निरोप कुठल्याही लिपीत येऊ शकतो, आणि ऑफिसातली माणसं मेनू न बघता "जागा किती उरली?" असंच लिहिणार. तेच समजून घेण्यात खरी सोय आहे. 1890 साली या गावात कलाभवन निघालं ते कारागिराला तंत्र त्याच्या भाषेत शिकता यावं म्हणून. यंत्राची खबरही आपल्याच भाषेत मागता यायला हवी.

आलेला मजकूर आधी एकसारखा करून घ्या. पायथॉनच्या 'युनिकोडडेटा'ने एनएफसी (सुटे भाग जोडून एकसंध केलेलं) रूप काढा, कारण ऱ हे अक्षर काही कीबोर्ड एकसंध पाठवतात तर काही र आणि नुक्ता असं वेगवेगळं. न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडक काढून टाका. विरामचिन्हं काढा, शब्द सुटे करा. मग समानार्थी शब्दांचं एक कोष्टक ठेवा: सर्व्हर, सर्वर; डिस्क, जागा, स्पेस; चालू, सुरू; बंद, हँग. निरोपात "डिस्क" गटातला शब्द आणि मशीनचं नाव सापडलं की काम झालं. आकड्यांची चिंता नको, पायथॉनचं 'इंट' देवनागरी आकडेही वाचतं.

निम्मा स्टाफ गुजराती लिपीत लिहिणार, हे बडोद्यात गृहीत धरायलाच हवं. त्यासाठी वेगळं कोष्टक लागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी आणि गुजराती अक्षरं एकाच क्रमाने मांडली आहेत, दोन्हींत अंतर आहे बरोबर 384चं. गुजराती पट्ट्यातल्या प्रत्येक अक्षराच्या कोडमधून 384 वजा केले की तेच अक्षर देवनागरीत मिळतं. तेवढ्या एका ओळीनंतर कोष्टकात "जग्या", "चालु", "बंध" असे शब्द घातले की बॉट दोन्ही लिपी वाचू लागतो.

ग्रुपमध्ये बॉट या साध्या निरोपांना उत्तर देईना तर कोड तपासत बसू नका. ग्रुपमध्ये बॉटला एरवी फक्त आज्ञा आणि त्याला दिलेली उत्तरं दिसतात. बॉटफादरकडे 'सेट प्रायव्हसी' बंद करा, मग बॉटला ग्रुपमधून काढून परत घाला. परत घातल्याशिवाय बदल लागू होत नाही.

उत्तरं साध्या मजकुरात पाठवा. मार्कडाउन चालू ठेवलं तर फाईलच्या नावातला एखादा अंडरस्कोर पूर्ण निरोप अडवतो, आणि इशारा नेमका तेव्हाच जात नाही. एका निरोपाची मर्यादा 4096 चिन्हांची आहे. काना-मात्राही वेगळं चिन्ह म्हणून मोजला जातो.

काय मोजायचं

प्रोसेसरची टक्केवारी सगळे आधी मोजतात, पण ती सगळ्यात कमी उपयोगाची. मोजायचीच असेल तर 'सीपीयू पर्सेंट'ला इंटरव्हल 1 द्या, नाहीतर पहिलं उत्तर नेहमी शून्य येतं. रॅमसाठी 'फ्री' न पाहता 'अ‍ॅव्हेलेबल' पाहा. लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी वापरतं, त्यामुळे 'फ्री'चा आकडा उगाच घाबरवतो.

डिस्कवर बारीक नजर हवी. ईएक्सटी4 फाईल-सिस्टममध्ये साधारण 5 टक्के जागा रूटसाठी राखलेली असते, म्हणून सगळे आकडे बेरजेत जुळतीलच असं नाही. जागा शिल्लक असूनही "जागा नाही" अशी चूक आली तर आयनोड (प्रत्येक फाईलच्या नोंदीसाठीच्या जागा) संपले आहेत. लाखो बारक्या फायलींमुळे असं होतं. पीएसयूटिल ते सांगत नाही. 'ओएस'मधलं 'स्टॅट व्हीएफएस' सांगतं. 'स्मार्टसीटीएल'ने दिवसातून एकदा डिस्कची तब्येत विचारा. 5 आणि 197 क्रमांकाचे आकडे (डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि संशयित जागांची मोजणी) शून्यावरून वर सरकू लागले की बॅकअप घ्या आणि नव्या डिस्कची सोय बघा.

सर्वात मोलाची तपासणी बॅकअपची, आणि ती लिहायला दहा ओळी लागतात. बॅकअपच्या फोल्डरमधली सगळ्यात ताजी फाईल शोधा. ती 26 तासांपेक्षा जुनी असेल तर इशारा. आकाराने आदल्या फाईलच्या निम्म्याहून लहान असेल तरी इशारा, कारण अर्धवट बॅकअपची तारीख ताजीच दिसते. रविवारी बॅकअप होत नसेल तर रविवारपासून सोमवारच्या बॅकअपपर्यंत ही मर्यादा वाढवून ठेवा.

इतर मशीन जिवंत आहेत का हे पाहायला पिंग पुरत नाही. विंडोजचा फायरवॉल पिंगला एरवी उत्तरच देत नाही, त्यामुळे चालू पीसी बंद दिसतो. बॉटच विंडोजवर चालवत असाल तर उलटा घोटाळा होतो: "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं तरी पिंगचा निकाल यशस्वी धरला जातो. त्यापेक्षा पोर्ट उघडून पाहा, 'सॉकेट'चं 'क्रिएट कनेक्शन', टाइमआउट 3 सेकंद. विंडोजच्या फाईल शेअरिंगला 445, डीव्हीआरच्या व्हिडिओला 554, टॅली सर्व्हर म्हणून चालू केली असेल तर सहसा 9000. या सगळ्या मशीनांचे आयपी पत्ते आधी राउटरमध्ये राखून घ्या. नाहीतर लाइट जाऊन आल्यावर पत्ते बदलतील आणि बॉट "डीव्हीआर बंद" म्हणेल.

इंटरनेटची तपासणी पायऱ्यांनी करा: आधी राउटर, मग 1.1.1.1 किंवा 8.8.8.8, मग एखादं नाव उलगडतं का ते. पहिली पायरी ढासळली तर पुढचे इशारे दाबून ठेवा. एका राउटरचा प्लग निघाला म्हणून दहा निरोप आले की माणूस अकरावा वाचत नाही. उत्तरायणात केबलीत अडकलेले पतंग ओढले जातात तेव्हा ही पायऱ्यांची तपासणी कामी येते. राउटर ठीक आणि बाहेरचा पत्ता बंद असेल तर ऑफिसात हात न लावता सरळ इंटरनेटवाल्याला फोन करायचा.

कधी बोलायचं

दर 60 सेकंदांनी तपासा, पण सलग तीनदा अपयश आलं तरच इशारा द्या. परत चालू झाल्याचं मात्र सलग दोन यशांनंतर सांगा. डिस्कसाठी दोन वेगळ्या रेघा ठेवा: 85 टक्क्यांना इशारा, 80च्या खाली आल्यावर "ठीक". एकच रेघ ठेवली तर 84.9 आणि 85.1मध्ये झुलणारी डिस्क रात्रभर निरोप पाठवत राहते, आणि सकाळी कोणीतरी बॉटला म्यूट करून टाकतं. म्यूट केलेला बॉट परत सुरू करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून या बाबतीत कंजूष व्हा. तीच तक्रार चालू असेल तर पुन्हा आठवण चार तासांनी. रात्री 10 ते सकाळी 7 फक्त तेवढंच बोला, ज्यासाठी कोणी खरंच उठून ऑफिसला जाईल.

इशाऱ्यात मशीन, कधीपासून, किती वेळा तपासलं आणि शेजारचं काय चालू आहे, हे सगळं एका ओळीत यावं: "लेखा-पीसी उत्तर देत नाही, 11:42 पासून, 3 वेळा तपासलं. राउटर आणि नॅस चालू आहेत." एवढ्यावरून समोरच्याला कळतं की फक्त त्या पीसीकडे जायचं आहे.

मशीनांची चालू स्थिती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाईलमध्ये साठवा. ती फक्त मेमरीत राहिली तर बॉट प्रत्येक वेळी सुरू होताना जुन्याच तक्रारी नव्याने सांगेल. इथे एक रचना सुचवावीशी वाटते: तपासणारा आणि इशारे पाठवणारा प्रोग्राम वेगळा, प्रश्नांना उत्तरं देत बोलणारा वेगळा, आणि दोघांमध्ये ती एसक्यूलाइटची फाईल, 'वॉल' मोड (एक लिहीत असताना दुसऱ्याला वाचू देणारा) चालू करून. बोलणाऱ्यात चूक निघून तो पडला तरी इशारे थांबत नाहीत. पाठवायचे इशारेही आधी त्याच फाईलमध्ये रांगेत लावा आणि पोचल्यावरच खोडा, म्हणजे इंटरनेट नसतानाचे इशारे मूळ वेळेसकट नंतर पोचतात. 429 (फार भराभर निरोप पाठवल्याची चूक) आलं तर उत्तरात दिलेले सेकंद थांबून पुन्हा पाठवा. ग्रुपमध्ये मिनिटाला 20 निरोपांच्या पुढे जायचं नाही.

सर्व्हिस म्हणून चालवणं

दोन्ही प्रोग्राम सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून चालू ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिस करा. नुसतं 'रीस्टार्ट ऑल्वेज' लिहून भागत नाही. सिस्टमडी एरवी सेकंदाचा दहावा भाग थांबून पुन्हा सुरू करतं आणि दहा सेकंदांत पाच वेळा अपयश आलं की प्रयत्नच सोडतं. लाइट आल्यावर लॅपटॉप आधी जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात बॉट कायमचा थांबलेला असतो. 'रीस्टार्ट सेक' 10 ठेवा. टोकन 'एन्व्हायर्नमेंट फाईल'मधून द्या. 'पायथॉन अनबफर्ड' 1 करा, नाहीतर 'जर्नलसीटीएल'मध्ये काहीच दिसत नाही.

पाय 4मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. सुरू होताना त्याची वेळ मागची असते आणि इंटरनेटवरून ती जुळेपर्यंत सुरक्षित जोडणी नाकारली जाऊ शकते. दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न होत असेल तर हे आपोआप निभावतं. दोन घटनांमधलं अंतर मोजायला पायथॉनचं 'मोनोटॉनिक' (वेळ जुळवल्याने मागेपुढे न होणारं) घड्याळ वापरा.

बॉटला किती अधिकार द्यायचे

पहिला महिना फक्त वाचण्याचे. नंतर हवं तर एखादी सर्व्हिस रीस्टार्ट करण्याचे. ठरलेल्या युजर आयडींची यादी ठेवा आणि यादीबाहेरच्याला काहीच उत्तर देऊ नका. निरोपातला मजकूर शेलकडे कधीही जाऊ देऊ नका. 'सबप्रोसेस'ला आज्ञा यादीच्या रूपात द्या आणि 'शेल' बंद ठेवा. 'व्हिसुडो'ने एकाच ठरावीक आज्ञेला पासवर्डविना परवानगी द्या, सगळ्यांना नाही. रीस्टार्टच्या आधी बॉटने मशीनचं नाव परत लिहून मागावं. बॉटशी होणारं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतं, तेव्हा पासवर्ड किंवा ग्राहकांची नावं त्यातून पाठवू नका. आणि प्रश्न समजायला पुढे एखादं भाषा-मॉडेल जोडलंत तरी आज्ञा चालवण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नका.

बॉटवर नजर कोणाची

आता तो गप्प बसण्याचा प्रश्न. ऑफिसची लाइट, यूपीएस आणि इंटरनेट तिन्ही गेले तर बॉट काहीच सांगू शकत नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. उपाय एकच: बाहेरच्या कोणीतरी बॉटच्या हजेरीची वाट पाहावी आणि हजेरी चुकली की ओरडावं. हेल्थचेक्स डॉट आयओसारखी सेवा हेच करते, छोट्या कामाला ती फुकट पुरते. तपासणाऱ्या प्रोग्रामने दर 5 मिनिटांनी तिच्या पत्त्याला एक विनंती पाठवायची, 10 मिनिटांची सवलत ठेवायची. ही हजेरी तपासणीची फेरी पूर्ण झाल्यानंतरच पाठवा. वेगळ्या क्रॉनमधून पाठवली तर प्रोग्राम मध्येच अडकला तरी हजेरी लागत राहते.

त्या सेवेचा इशारा त्याच टेलिग्राम ग्रुपवर न घेता ईमेलवर किंवा दुसऱ्या माणसाच्या फोनवर घ्या. शिवाय रोज सकाळी साडेनऊला बॉटने एक ओळ पाठवावी: "7 मशीन चालू, बॅकअप रात्री 1:10 चा, सर्वात भरलेली डिस्क नॅस 71 टक्के." ती ओळ आली नाही हे माणसाच्या लक्षात येतं.

सगळं बसवून झालं की एखाद्या शनिवारी दुपारी, काम संपल्यावर, बॉटच्या लॅपटॉपची नेटवर्क केबल काढा. 15 मिनिटांत बाहेरचा ईमेल यायला हवा. केबल लावा, रांगेतले इशारे मूळ वेळेसकट येतात का पाहा. मग नॅसची केबल काढा: एकच इशारा यायला हवा, साधारण तिसऱ्या मिनिटाला. मग राउटर बंद करून सुरू करा: इंटरनेट परतल्यावर राउटर बंद पडल्याचा एकच इशारा यावा, बाकीच्या मशीनांबद्दल एकही नाही. बॅकअपच्या फोल्डरमधली ताजी फाईल थोडा वेळ दुसरीकडे हलवून तो इशाराही पाहून घ्या आणि फाईल परत ठेवायला विसरू नका. यातला एक जरी चुकला तर सोमवारी ऑफिस उघडण्याआधी तेवढा दुरुस्त करा, आणि हीच फेरी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुन्हा करा.